खूण पटली पाहिजे

"दान मागायला चित्र कशाला हवे?"

हा प्रश्न मी १९७३ साली एका तरुण चित्रकाराला विचारला होता. विचारताना माझ्या आवाजात जो ठसका होता तो आठवला, म्हणजे आज पंचाऐंशीव्या वर्षीही कान गरम होतात.

त्या वेळी मी पुण्यात एका बँकेत कारकून होतो आणि संध्याकाळी एका लहानशा संस्थेचे हिशेब पाहत असे. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या गरीब मुलांना राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण द्यावे, एवढाच त्या संस्थेचा उद्योग. वार लावून जेवण्याचे दिवस संपत आले होते, पण भूक काही संपली नव्हती. वर्गणीसाठी आम्ही एक पत्रक काढीत असू. चार पाने बारीक टाइपात गच्च भरलेली. त्यात विश्वस्तांची नावे पदव्यांसकट ठळक अक्षरांत, आणि मुले काय जेवतात, कुठे झोपतात, याचा उल्लेख तिसऱ्या पानाच्या तळाशी. पावतीपुस्तक अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळे तसले, खाली रबरी शिक्का मारलेले.

चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आला होता. संस्थेसाठी एक बोधचिन्ह, नवे पत्रक आणि नवी पावती करून देतो, म्हणाला. मोबदला तीनशे रुपये. मी तिथल्या तिथे हिशेब मांडला. तीनशे रुपयांत चार-पाच मुले महिनाभर जेवतील! वर तो प्रश्न विचारला. तो चिडला नाही. आमची पावती हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, ही पावती तुमचीच आहे हे मी कशावरून ओळखायचे?"

"खाली शिक्का आहे ना!" मी म्हणालो. तो नमस्कार करून निघून गेला.

त्या प्रश्नाचे उत्तर मला दसऱ्याला मिळाले. मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई दरवर्षी दसऱ्याला आम्हांला अकरा रुपये देत. नेमाने, न मागता. त्या वर्षी मी गेलो तर म्हणाल्या, "दादा, परवाच दिले की तुमच्या माणसांना!" आणि कनवटीची पावती काढून दाखवली. तसेच पावतीपुस्तक, तसाच गोल शिक्का. नाव मात्र आमच्या नावाच्या जवळपास जाणारे, पण आमचे नव्हे. कुणी भामट्यांनी गल्ल्याच्या गल्ल्या फिरून पैसे गोळा केले होते. बाई खजील होऊन म्हणाल्या, "मला कुठं वाचाया येतंय, दादा? कागुद तुमच्यावानीच दिसला."

खजील व्हायला हवे होते ते मी. ज्या बाईने वाचता येत नसताना आमच्यावर विश्वास टाकला, तिला ओळखता येईल अशी एकही खूण आम्ही दिली नव्हती.

त्या रात्री मला माझ्या लहानपणीची एक गोष्ट आठवली आणि आश्चर्य वाटले, की ही मी विसरलो कसा. आमचे घर मूळचे सांगलीचे. माझे धाकटे काका १९४६ साली क्षयाने गेले. शेवटचे काही महिने ते वानलेसवाडीच्या आरोग्यधामात होते. घरात 'क्षय' हा शब्द कुणी उच्चारीत नसे. 'छातीचे दुखणे' म्हणत, तेही आवाज खाली आणून. काकांचे ताट-वाटी वेगळे. ते गेल्यावरही त्यांचे नाव निघाले की आजी उठून माजघरात जाई. बहिणींची लग्ने व्हायची होती; घरात क्षय होता हे बाहेर कळणे परवडणारे नव्हते.

पुढे १९५१ च्या सुमारास आमच्या शाळेत मास्तरांनी तिकिटांसारख्या रंगीत चिकटपट्ट्यांचे ताव वाटले. टपालाच्या तिकिटासारखीच कड, डिंक लावलेला, आणि दोन आडव्या दांड्यांचा लाल क्रूस. ही 'टी.बी. सील'. घरोघर विकायची, पैसे क्षयरोग्यांसाठी जायचे. मी ताव घेऊन घरी आलो. आजीला अक्षरओळख नव्हती. तिने चित्रावरून बोट फिरवले आणि विचारले, "हे कशाचे रे?" मी निरागसपणे तो निषिद्ध शब्द उच्चारला. घर क्षणभर स्तब्ध झाले. मग आजीने पदराची गाठ सोडली, ताव विकत घेतला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने काकांचे नाव घेतले.

त्या एवढ्याशा चित्राने हे कसे केले, याचा शोध घेण्याची मला पुढे आवड लागली. सेवेच्या इतिहासात चित्रकाराची जागा कोणती, हे मी सवडीने वाचीत गेलो. त्यातले निवडक फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

ही सीलची कल्पना डेन्मार्कमधल्या आयनार होलबॉल नावाच्या एका टपाल कर्मचाऱ्याची. नाताळच्या दिवसांत टपालाचे ढीगच्या ढीग त्याच्या हाताखालून जात. या प्रत्येक पत्रावर तिकिटाशेजारी आणखी एक स्वस्तसे तिकीट चिकटले, आणि त्याचा पैसा क्षयाने आजारी असलेल्या मुलांसाठी गेला तर? १९०३ साली त्याने ही कल्पना मांडली, आणि १९०४ च्या नाताळात पहिले सील निघाले. किंमत दोन ओरे, म्हणजे अगदी किरकोळ. त्यावर दिवंगत राणी लुईझ हिचे चित्र होते. पहिल्याच वर्षी चाळीस लाखांवर सीले खपली. त्या पैशांतून पुढे कोल्डिंग येथे मुलांसाठी आरोग्यधाम उभे राहिले.

होलबॉलचा पहिला शहाणपणा असा, की त्याने दान मागण्यासाठी रोग्याचे चित्र काढले नाही. लोक सणाची पत्रे लिहीतच होते. त्या आनंदातच त्याने दानाला जागा करून दिली. आणि दुसरा शहाणपणा असा, की देणारा लहान ठेवला. दोन ओरे कोण देणार नाही?

या बाबतीत महाराष्ट्राने डेन्मार्ककडून काही शिकावे असे नव्हते. अंताजी दामोदर काळे यांचा 'पैसा फंड' त्याच काळातला. स्वदेशी उद्योगांसाठी प्रत्येकाने एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. त्या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. मला वाटते, त्या उद्योगाचे अर्धे यश त्याच्या नावात आहे. 'पैसा फंड' हे दोन शब्द ऐकले की काय मागतात, किती मागतात आणि कुणाकडून मागतात, हे सगळे कळते. जत्रेतल्या हमालालाही आपण दाते आहोत असे वाटते. नाव देणे ही एक कलाच आहे, आणि ती काळ्यांना उपजत साधली होती.

डेन्मार्कची ही कल्पना अमेरिकेत पोचली ती जेकब रीस या पत्रकारामुळे. हा जन्माने डेन्मार्कचा. त्याचे सहा भाऊ क्षयाने गेले होते. मायदेशाहून आलेल्या पत्रांवरचे सील पाहून त्याने १९०७ साली एका साप्ताहिकात लेख लिहिला. तो डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन गावी एमिली बिसेल या बाईंच्या वाचनात आला. त्यांच्या नात्यातला एक डॉक्टर ब्रँडीवाइन नदीकाठी क्षयरोग्यांची एक लहानशी झोपडीवजा शुश्रूषागृहे चालवी. तीनशे डॉलर मिळाले नाहीत तर ती बंद पडणार होती. बाईंनी स्वतःच एक चित्र काढले. हिरव्या पानांच्या तोरणाचे, पण छापलेले एकाच तांबड्या रंगात. मित्रमंडळींकडून उसने पैसे घेऊन पन्नास हजार सीले छापली. किंमत एक सेंट.

सुरुवातीला खप बेताचाच होता. मग फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राने हे काम उचलून धरले. त्या दिवसांतली एक आठवण सांगतात. वृत्तपत्राच्या कचेरीत एक फाटक्या कपड्यांतला, पेपर विकणारा पोऱ्या आला. संगमरवरी टेबलापर्यंत त्याचा हात जेमतेम पोचत होता. त्याने एक सेंट ठेवला आणि एक सील मागितले. त्याच्या बहिणीला तो रोग होता. ही आठवण वाचली तेव्हा मला माझ्या आजीच्या पदराची गाठ दिसली. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसे, आणि एकाच चित्राने दोघांची वाचा मोकळी केली!

तीनशे डॉलर हवे होते. त्या मोसमात तीन हजार जमले. आता पुढची गोष्ट माझ्यासारख्या कोषाध्यक्षांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. पहिल्या वर्षी घरगुती चित्र चालून गेले, मग दुसऱ्या वर्षीही तेच का चालवू नये? पण १९०८ साली सील देशभर विकायचे ठरले, तेव्हा त्याचे चित्र हॉवर्ड पाइल याच्याकडून करून घेण्यात आले. रॉबिन हूडच्या गोष्टी चित्रांसह लिहिणारा हा थोर चित्रकार बिसेलबाईंच्याच गावचा. त्या वर्षी सव्वा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. हे सारे चित्रामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. विक्रीचे क्षेत्र वाढले होते, वृत्तपत्रे पाठीशी होती. पण मागणारे जाणते होते एवढे खरे. काम मोठे झाले, तेव्हा त्यांनी ते त्या कामातल्या माणसाच्या हाती दिले. विहीर खणायला आपण पाणाड्या बोलावतो, हिशेब तपासायला हिशेबतपासनीस. मग हजारो अनोळखी माणसांशी एका दृष्टिक्षेपात बोलायचे असेल तर त्या विद्येतला माणूस नको?

सीलवरच्या त्या दोन आडव्या दांड्यांच्या क्रूसाचीही हकीगत आहे. १९०२ साली बर्लिनला क्षयरोगाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. क्षयाविरुद्धच्या साऱ्या चळवळीची खूण एकच असावी, असे पॅरिसचे डॉ. सेर्सिरों यांनी तिथे सुचवले, आणि ही खूण पुढे केली. आपल्या देशात क्षयरोग संघ १९३९ मध्ये स्थापन झाला आणि १९५० पासून गांधीजयंतीच्या मुहूर्तावर सीलची मोहीम सुरू झाली. बर्लिनमध्ये सुचलेली खूण सांगलीच्या माजघरात आजीच्या बोटाखाली आली ती अशी. एकच खूण देशोदेशी पन्नास वर्षे न बदलता वापरली, म्हणूनच ती पोचली.

खूण एक असण्याचे मोल प्राणांइतके असू शकते, हे तांबड्या क्रूसाने दाखवले. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनो येथे घनघोर लढाई झाली. मृत आणि जखमी मिळून सुमारे चाळीस हजार. जखमींची दैना हेन्री द्युनाँ या स्विस व्यापाऱ्याने डोळ्यांनी पाहिली आणि १८६२ साली त्यावर पुस्तक लिहिले. पण त्या काळी शुश्रूषापथकांचे निशाण प्रत्येक सैन्यात निराळे असे. शत्रूच्या गोलंदाजाला ते कळायचे कसे? म्हणून १८६३ च्या जिनिव्हा परिषदेत पांढऱ्या दंडपट्टीवर तांबडा क्रूस ठरला, आणि १८६४ च्या करारात राष्ट्रांनी तो मान्य केला. साधी दोन पट्ट्यांची आकृती. दुरून दिसते, कुणालाही काढता येते, भाषा लागत नाही. पण सगळ्यांना एकच खूण पटतेच असे नाही. तुर्कस्तानने रशियाशी लढताना त्या जागी तांबडी चंद्रकोर वापरली, आणि २००५ साली कोणत्याही धर्माचा वास नसलेले तांबड्या चौकोनी स्फटिकाचे चिन्हही मान्य झाले. चिन्ह पाहणाऱ्याच्या मनाने वाचावे लागते, ते असे.

मौज अशी की, आपल्याकडे हा तांबडा क्रूस डॉक्टरांच्या गाड्यांवर आणि औषधांच्या दुकानांवर सर्रास दिसे, अजूनही कुठे कुठे दिसतो. १९६० च्या कायद्याने आपल्या देशातही त्याला बंदी आहे. कित्येकांना ही बंदी उगीचची वाटते. मला मंडईतल्या त्या बाईंची पावती आठवते. खूण ज्याने त्याने वापरली, की ती कुणाचीच राहत नाही.

कुणी म्हणेल, चित्रकाराच्या हाती दान दिले म्हणजे त्यात नाटकीपणा शिरेल. ही भीती खोटी नाही. लंडनमध्ये डॉ. बर्नार्डो यांनी अनाथ मुलांसाठी मोठे काम उभे केले. आश्रमात येण्यापूर्वीचे मूल आणि नंतरचे मूल अशी छायाचित्रांची जोडी ते विकीत. पैसा येई. पण १८७७ साली त्यांच्यावर आरोप आले, लवाद बसला, आणि असे निघाले की काही मुलांना छायाचित्रापुरते अधिक फाटके, अधिक दीन केले होते. एकंदर कामाला लवादाने चांगलेच म्हटले. पण छायाचित्रांतल्या या बनावाबद्दल मात्र दोष दिला. दीडशे वर्षे होत आली, तरी हा धडा जुना झालेला नाही. दुःख चढवून दाखवले तर दात्याची फसवणूक होते आणि ज्याच्यासाठी मागतो त्याची अब्रू जाते. सणाच्या तोरणातून मागणारी बिसेलबाईंची रीत मला म्हणूनच थोर वाटते.

हे सारे मी वाचले ते पुढच्या काळात. १९७३ च्या त्या दसऱ्यानंतर मात्र मी एकच केले. चित्रकाराचा पत्ता शोधून त्याच्या बिऱ्हाडी गेलो आणि म्हणालो, "माझे चुकले. तीनशे रुपये घेऊन आलो आहे."

त्याने पैसे ठेवून घेतले, पण कागद काढला नाही. दोन दिवस वसतिगृहात येऊन राहिला. मुलांच्या पंगतीला बसला. "पहिला घास कुणाच्या वर्गणीचा? मुले रात्री कुठे वाचतात? पैसे देणारे कोण, शिकलेले की न शिकलेले?" असले प्रश्न विचारीत राहिला. वीस वर्षे चाललेल्या संस्थेतल्या आम्हां मंडळींना त्यातल्या निम्म्यांची उत्तरे धड देता येईनात. एका विश्वस्तांनी सुचवले, की बरगड्या दिसणाऱ्या मुलाचे चित्र काढावे, लोकांना दया येईल. चित्रकार म्हणाला, "साहेब, तो मुलगा उद्या इंजिनिअर होईल. ते चित्र त्याला आपल्या मुलाला दाखवता आले पाहिजे."

शेवटी त्याने काढले ते असे: एक पत्रावळ, आणि तिच्यावर उघडे पुस्तक. एकाच रंगात, दोन रंगांचा छपाईखर्च आम्हांला झेपणार नाही, हे त्यानेच ओळखले होते. पुढे मी वाचले, की १९६१ साली वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी निघालेल्या जागतिक संस्थेने पांडा हा प्राणी चिन्हासाठी निवडला, त्यालाही काळ्या-पांढऱ्यात छपाई स्वस्त पडते हे एक कारण होते. तेव्हा मला आमच्या चित्रकाराची आठवण झाली. चांगला कारागीर पैसे खर्चवितो तसे वाचवितोही. पत्रकाची चार पाने एका पानावर आली. विश्वस्तांची नावे तळाशी गेली, बारीक टाइपात. त्यावरून दोन बैठका गाजल्या, ते इथे सांगत नाही!

पावतीपुस्तकावर चिन्ह आणि क्रमांक छापून घेतला. मंडईत जाऊन बाईंना दाखवले. त्यांनी पत्रावळीवर बोट ठेवले, मग पुस्तकावर, आणि म्हणाल्या, "ही जेवायची, अन् हे शिकायचं. आता मला कोण फसवतंय?" अक्षर न वाचता त्यांनी आमची सारी घटना वाचून दाखवली.

पुढे मुंबईत १९७९ साली रिप्पन कपूर या विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या तरुणाने मित्रांसह पन्नास रुपयांच्या भांडवलावर 'क्राय' ही बालकांसाठीची संस्था काढली आणि सुंदर शुभेच्छापत्रे छापून विकली. दिवाळीत ती पत्रे आमच्या घरी येत, तेव्हा मी मनात होलबॉलला नमस्कार करीत असे.

वाचकहो, आज दिवाळीची पत्रे फारशी येत नाहीत. शुभेच्छा हातातल्या फोनवर येतात, आणि दानाची मागणीही तिथेच येते. खऱ्याबरोबर खोटेही येते. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा अजून आपल्या देशात आहे. मागण्यासारखी कारणे काही संपलेली नाहीत. तुमच्यापैकी कुणी एखाद्या लहान संस्थेचे हिशेब पाहत असेल, आणि उद्या एखादा तरुण चित्रकार दारात उभा राहिला, तर त्याला माझा प्रश्न विचारू नका. त्याला आधी पंगतीला बसवा. मग त्याच्या कामाचे दाम चोख द्या. दुसऱ्याच्या घामाचे पैसे मागणाऱ्याने कारागिराचा घाम फुकट घेऊ नये.

त्या जुन्या पावतीपुस्तकाची एक स्थळप्रत माझ्या कपाटात आहे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला मी ती वहीशेजारी ठेवतो. पत्रावळीची शाई आता फिकट झाली आहे, पण खूण पटते.